हजारातल्या एकावर शिकलेलं वैद्यक

१९६१ साली केर व्हाइट या अमेरिकन डॉक्टरांनी दोन सहकाऱ्यांसह ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक हिशोब मांडला. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या पाहण्यांवर आधारलेला हा हिशोब असा होता : हजार प्रौढ माणसं घेतली, तर महिन्याभरात त्यांतल्या साडेसातशे जणांना काही ना काही दुखणं होतं. त्यांतले अडीचशे डॉक्टरकडे जातात, नऊ रुग्णालयात दाखल होतात आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत पोचतो फक्त एक. चाळीस वर्षांनी, २००१ मध्ये, लॅरी ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच मोजणी पुन्हा केली. मधल्या काळात वैद्यक ओळखू येऊ नये इतकं बदललं होतं, तरी प्रमाण जवळपास तेच राहिलं होतं. जगभरचे डॉक्टर मात्र शिकतात ते या हजारातल्या एकावर. कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सर्दी-खोकल्याचीही रांग असते हे खरं, पण शिकवणी चालते ती वॉर्डातल्या खाटेभोवती. परीक्षेला ‘केस’ म्हणून मिळतो तोही दाखल झालेलाच रुग्ण, आणि एम.डी.चा प्रबंधही बहुतेक वेळा त्याच्यावरच लिहिला जातो. आपल्या वैद्यकीय शिक्षणातली सगळ्यात मोठी उणीव मला इथे दिसते. दवाखान्यातला पहिला डॉक्टर हा कमी शिकलेला तज्ज्ञ नव्हे. त्याचं क्षेत्रच वेगळं आहे, आणि त्या क्षेत्राचं ज्ञान त्याच क्षेत्रात उभं करावं लागतं. ते मोठ्या रुग्णालयात तयार करून खाली धाडता येत नाही.

ते का धाडता येत नाही, हे थोड्या गणितानं स्पष्ट होतं. समजा एखादी तपासणी चांगली आहे : आजार असलेल्या शंभरांतल्या नव्वदांना ती बरोबर ओळखते आणि आजार नसलेल्या शंभरांतल्या नव्वदांना बरोबर सोडून देते. मोठ्या रुग्णालयात निवडून, गाळून पाठवलेल्या हजार रुग्णांपैकी निम्म्यांना तो आजार आहे असं धरू. तिथे तपासणी ‘आहे’ म्हणते अशा पाचशेंपैकी साडेचारशे खरोखर आजारी निघतात. हीच तपासणी गावातल्या दवाखान्यात आणली, जिथे हजारात दहाच जणांना तो आजार आहे, तर ती दहांतल्या नऊ जणांना पकडेल, पण निरोगी ९९० जणांतल्या ९९ जणांवरही बोट ठेवेल. म्हणजे ‘आहे’ असा निकाल आलेल्या १०८ जणांपैकी खरे आजारी नऊच. यंत्र, रसायन, तंत्रज्ञ यांतलं काहीही बदललेलं नाही. बदलली ती दारात येणारी माणसं, आणि तेवढ्यानं नव्वद टक्के खात्रीची तपासणी आठ टक्क्यांवर आली. छातीत दुखणं, डोकं दुखणं, चक्कर, थकवा या प्रत्येक तक्रारीला हे लागू आहे. वॉर्डात शिकलेला तरुण डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होतो तेव्हा त्याच्या मनातल्या शक्यता मोठ्या रुग्णालयातल्या असतात. मग तो एकतर प्रत्येकाला तपासण्यांच्या चक्रात टाकतो, नाहीतर आठवड्याभरात ‘इथे सगळं किरकोळच असतं’ असं ठरवून मोकळा होतो. या दोन्ही चुकांची किंमत रुग्ण भरतो. दुसरीची कधीकधी जिवानं.

शिवाय पहिल्या दवाखान्यात आजार पुस्तकातल्या रूपात येत नाही. तो येतो ‘अंगात कणकण आहे’, ‘हातपाय गळाल्यासारखे होतात’, ‘पोटात कालवतंय’ अशा शब्दांत, सुरुवातीच्या अर्धवट अवस्थेत, आणि त्याच माणसाच्या मधुमेहाशी, गुडघेदुखीशी, उसाच्या थकलेल्या बिलाशी गुंतलेला. इथे निदानाचं एक मोठं साधन म्हणजे वेळ : कोणाला आज पाठवायचं, कोणाला दोन दिवसांनी परत बोलवायचं, कोणाला नुसता धीर द्यायचा. हा निर्णय अनुभवानं जमतो असं म्हणून आपण तो सोडून देतो. पण त्याचाही अभ्यास करता येतो आणि तो शिकवता येतो. यॉर्कशरमधल्या वेन्झलीडेल या खोऱ्यात विल्यम पिकल्स नावाचे डॉक्टर गावोगावच्या साथींच्या तारखा वर्षानुवर्षं टिपून ठेवत. काविळीच्या एका साथीत, आजारी असूनही गावच्या उत्सवाला गेलेल्या एका मुलीचा माग काढून त्यांनी संसर्ग आणि आजार दिसणं यांत किती दिवस जातात ते ठरवलं. १९३९ साली त्यांचं पुस्तक आलं आणि ते साथरोगशास्त्रात आजही मानलं जातं. शहरातल्या रुग्णालयाला हे जमणारं नव्हतं, कारण कोण कोणाला कुठे भेटलं हे तिथे कोणाला माहीत असणार?

आपल्याकडचं याहून ठसठशीत उदाहरण सह्याद्रीपलीकडे, महाडला आहे. हिम्मतराव बावस्कर १९७० च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत होते. कोकणात लाल विंचवाचा दंश म्हणजे त्या काळी अनेकदा मृत्यूच. या विषानं शरीरातली स्वायत्त मज्जासंस्था भडकते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर असह्य ताण येतो, फुप्फुसांत पाणी भरतं आणि रुग्ण दगावतो. हा क्रम कळायला रुग्ण दंशानंतर तासा-दोन तासांत दिसावा लागतो. शहरात तो पोचतच नसे, किंवा पोचे तेव्हा हाती काही उरलेलं नसे. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, नाडी आणि रक्तदाब यांच्या नोंदी केल्या. हृदयावरचा धोका आधीच सांगणाऱ्या या खुणांवरचा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. रक्तदाबासाठी वापरलं जाणारं, स्वस्त आणि तोंडानं घेता येणारं प्राझोसिन हे औषध या आवळलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या करतं, हे त्यांनी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्याच नियतकालिकात १९८६ मध्ये मांडलं. गंभीर दंशात पूर्वी तीस-चाळीस टक्क्यांच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण पुढे अगदी थोड्या टक्क्यांवर उतरलं. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिल्यानं काय होतं हे त्यांनी महाडमध्येच, ७० रुग्णांवर, चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून तपासलं : दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण दोन्ही औषधं दिलेल्या गटात ३५ पैकी ३२, तर नुसत्या प्राझोसिनच्या गटात ३५ पैकी ८. हा अभ्यास २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी नवजात बाळांच्या घरी जाऊन देखभाल करण्याची जी पद्धत उभी केली, तिनं नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं छापलं. तिथेही प्रश्न गावातून आला आणि उत्तरही गावातच सापडलं.

यावर पहिला आक्षेप लगेच येतो : बावस्कर किंवा बंग ही असामान्य माणसं आहेत. बावस्करांनी पुढे एम.डी. केलं, बंग पती-पत्नी परदेशात सार्वजनिक आरोग्य शिकून आले. अशा माणसांवरून धोरण आखता येत नाही. आक्षेप बरोबर आहे, पण तो माझ्या मुद्द्याच्या विरोधात जात नाही. संशोधनाची पद्धत त्यांना कुठेतरी शिकायला मिळाली आणि मग ती त्यांनी योग्य जागी वापरली. पद्धत शिकायची मोठ्या शहरात आणि प्रश्न मात्र खेड्यात, ही फारकत ज्यांना स्वतःच्या जिद्दीवर मिटवता आली ते मोजके लोक आपल्याला दिसतात. ज्यांना ती मिटवता आली नाही त्या शेकडो डॉक्टरांच्या वह्यांत काय काय नोंदलं गेलं आणि निवृत्तीबरोबर रद्दीत गेलं, ते कोणी पाहिलेलं नाही. असामान्य माणसाची वाट पाहावी लागू नये, यासाठीच तर प्रशिक्षणाची व्यवस्था लागते.

या भागाला अशा व्यवस्थेचा इतिहास आहे, हे कोल्हापूरकरांनी विसरू नये. कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटरवर मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केलं आणि काही वर्षांतच तिथे वैद्यकीय शाळाही उभी राहिली. अशा शाळांतून तयार होणारे डॉक्टर पदवीधर नसत, त्यांना ‘लायसेन्शिएट’ म्हणत. गावोगावच्या दवाखान्यांचा भार यांच्यावरच होता. सर जोसेफ भोर यांच्या समितीनं १९४६ मध्ये अहवाल दिला तेव्हा देशातल्या सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जवळजवळ ३०,००० लायसेन्शिएट होते. समितीनं बहुमतानं हा वर्ग बंद करून एकच पदवीधर ‘मूलभूत डॉक्टर’ घडवायचं ठरवलं. सहा सदस्यांनी भिन्न मत नोंदवलं : देशाची गरज पाहता ही शिकवणी इतक्यात थांबवू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. माझ्या मते समितीचा हेतू उदात्त होता. खेड्यातल्या माणसाला दुय्यम डॉक्टर का म्हणून द्यायचा, हा तिचा प्रश्न आजही बिनतोड आहे. पण तो मूलभूत डॉक्टर घडवण्याची जागा मात्र मोठं रुग्णालयच राहिली. समितीनं सामाजिक दृष्टीचा डॉक्टर कल्पिला होता. त्याच्या वाट्याला प्रत्यक्षात एक पाठ्यविषय आणि ग्रामीण केंद्रावरचे काही आठवडे आले. पुढे तज्ज्ञशाखांची शिडी उभी राहिली आणि एम.बी.बी.एस. ही तिची पहिली पायरी उरली. ज्याला प्रवेश परीक्षेत वरची शाखा मिळाली नाही तो ‘नुसता एम.बी.बी.एस.’.

भोर समितीच्याच दशकात दक्षिण आफ्रिकेतही असाच विचार चालला होता, आणि तो तुलनेला फार उपयोगी आहे. १९४० मध्ये सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर दांपत्यानं नाताळ प्रांतातल्या फोलेला या गरीब झुलू वस्तीत आरोग्य केंद्र सुरू केलं. आधी थोड्या घरांची पाहणी, मग त्या नोंदींवरून काम, मग पाहणीचं क्षेत्र वाढवणं, असा त्यांचा क्रम होता. कुपोषण दिसलं तेव्हा भाजीपाल्याच्या परसबागा लावल्या, गुप्तरोग दिसला तेव्हा कुटुंबागणिक माग काढला. १९४२ ते १९५० या काळात तिथला बालमृत्युदर हजारी २७५ वरून १०० वर आला. उपचार, प्रशिक्षण आणि संशोधन ही तिथे तीन वेगळी खाती नव्हती. जो रुग्ण तपासत होता तोच मोजत होता आणि तोच शिकवत होता. वर्णभेदी राजवटीनं हा प्रयोग टिकू दिला नाही आणि १९५८ मध्ये कार्क यांनी देश सोडला. पण कल्पना गेली नाही. २००७ मध्ये दक्षिण आफ्रिकेनं फॅमिली मेडिसिनला, म्हणजे या पहिल्या डॉक्टरच्या शाखेला, स्वतंत्र तज्ज्ञशाखा म्हणून मान्यता दिली. या शाखेचं चार वर्षांचं प्रशिक्षण जिल्हा रुग्णालयं आणि आरोग्य केंद्रांत होतं आणि पदवीसाठी त्या त्या ठिकाणच्या प्रश्नावर संशोधन सक्तीचं आहे. अशा डॉक्टरकडून नुसते रुग्ण तपासण्याची अपेक्षा नसते. अवघड रुग्णात परिचारिकांना आणि नव्या डॉक्टरांना सल्ला देणं, त्यांना शिकवणं, केंद्राच्या उपचारांची गुणवत्ता तपासत राहणं, वस्तीचा विचार करणं हे त्याच्या कामाचाच भाग मानलं गेलं आहे. शेजारच्या बोत्स्वानात तर २००९ पर्यंत वैद्यकीय शाळाच नव्हती. ती निघाल्यावर दोन वर्षांत त्यांनी फॅमिली मेडिसिनचं शिक्षण सुरू केलं, आणि तेही राजधानीत न ठेवता मौन आणि महालापे या जिल्ह्याच्या गावांत नेलं.

आफ्रिकेचा दाखला देताना त्याची कमकुवत बाजूही सांगितली पाहिजे. २०१८ मध्ये तिथल्याच संशोधकांनी दक्षिण आफ्रिकेच्या सात प्रांतांत पाहणी करून या डॉक्टरांनी नेमका काय फरक पडला ते प्रसिद्ध केलं. जिल्हा रुग्णालयांत असे डॉक्टर होते तिथे कामकाजाचे आणि उपचारप्रक्रियेचे निर्देशक सर्वसाधारणपणे चांगले दिसले. लहान आरोग्य केंद्रांत मात्र चित्र उलट होतं. मला या निष्कर्षापेक्षा तो त्यांनी छापला याचं महत्त्व अधिक वाटतं. गर्दीनं ओसंडणाऱ्या केंद्रात एकुलता एक प्रशिक्षित डॉक्टर बसवून रुग्णाला मिळणारा वेळ वाढत नाही, हे यातून कळतं, आणि असे डॉक्टर फारच थोडे असले तर परिणाम मोजण्याइतका उमटत नाही, हेही लक्षात येतं. फॅमिली मेडिसिन ही जादू नाही. पण आपली शाखा कुठे कमी पडते ते स्वतःच मोजून मांडण्याची ताकद त्या शाखेत तयार झाली आहे. आपल्याकडे डॉक्टरांच्या सक्तीच्या ग्रामीण बंधपत्राच्या सेवेनं रुग्णांचं नेमकं काय भलं झालं, याचा असा चोख हिशोब कोणी मांडलेला आढळत नाही.

भारतात हा विषय नवा नाही. राष्ट्रीय परीक्षा मंडळानं १९८० च्या दशकातच फॅमिली मेडिसिनची डी.एन.बी. पदवी सुरू केली. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं या शाखेतल्या तज्ज्ञांच्या तुटवड्याची नोंद घेतली, २०१७ च्या धोरणानं ती पुन्हा घेतली. केरळात कालिकतच्या सरकारी महाविद्यालयानं गेल्या दशकाच्या सुरुवातीला एम.डी. सुरू करून दाखवली. तरीही एम.बी.बी.एस.च्या महाविद्यालयासाठी फॅमिली मेडिसिनचा विभाग सक्तीचा नाही, त्यामुळे बहुतेक विद्यार्थी या शाखेचा एकही प्राध्यापक न पाहता डॉक्टर होतात. जी शाखा शिकताना दिसलीच नाही ती कोणी निवडेल कशी? यावर म्हटलं जातं की लोकांनाच तज्ज्ञ हवा असतो. शाहूपुरीतून थेट हृदयरोगतज्ज्ञाकडे जाणारा माणूस हे दाखला म्हणून पुढे केला जातो. पण तोच माणूस रिपोर्टांची पिशवी घेऊन ‘यातलं नक्की काय करू?’ असं विचारायला जुन्या ओळखीच्या डॉक्टरकडे येतो. पाच तज्ज्ञांच्या पाच चिठ्ठ्यांतली कोणती औषधं एकमेकांना मारक आहेत हे पाहणारं कोणीतरी त्याला हवंच असतं. दुसरी शंका अधिक गंभीर आहे : पदव्युत्तर शिक्षण दिलं की हाही डॉक्टर शहरात जाईल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्ये दिलेल्या शिफारशींत याचं उत्तर आहे : ग्रामीण भागातले विद्यार्थी घ्या, शिक्षण शहराबाहेर द्या, अभ्यासक्रमात ग्रामीण आरोग्य आणा, आणि राहणाऱ्याच्या घराची, मुलांच्या शाळेची, बढतीची सोय करा. नुसत्या पदवीनं माणूस थांबत नाही हे कबूल, पण जिथे तो शिकतो तिथे थांबण्याची शक्यता वाढते, असा या शिफारशींमागच्या अभ्यासांचा कल आहे.

आता कोल्हापूर. बारा तालुक्यांचा, २०११ च्या जनगणनेनुसार ३८ लाख ७६ हजार वस्तीचा हा जिल्हा अभ्यासासाठी विलक्षण समृद्ध आहे. पश्चिमेला गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीचा धुवाधार पाऊस आणि चिखलातली भातलावण, पूर्वेला शिरोळ-हातकणंगल्याची सपाट ऊसशेती, मध्ये इचलकरंजीचे यंत्रमाग. २०१२ मध्ये इचलकरंजीत हेपॅटायटिस ई काविळीची मोठी साथ आली. असा रुग्ण आधी गल्लीतल्या दवाखान्यात ‘भूक लागत नाही, मळमळतंय’ म्हणून जातो. गल्लीगल्लीतल्या डॉक्टरांनी आठवड्याला एक ओळ लिहून पाठवण्याची पद्धत असती, तर साथीचा सुगावा रुग्णालयाच्या खाटा भरण्याआधी लागण्याची शक्यता होती. इंग्लंडमध्ये निवडक दवाखान्यांच्या अशा साप्ताहिक नोंदी १९६० च्या दशकापासून चालू आहेत आणि फ्लूची लाट त्यांवरून ओळखली जाते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत घर सोडावं लागलेल्या मधुमेही आणि रक्तदाबाच्या रुग्णांची औषधं किती दिवस तुटली, आणि पुढच्या सहा महिन्यांत त्यांचं काय झालं? चंदगडच्या घाटाखाली दोडामार्गात २०१६ मध्ये माकडतापाचे रुग्ण सापडले. घाटावरच्या डॉक्टरनं काजूच्या बागेत काम करून आलेल्या माणसाचा ताप पहिल्या दोन दिवसांत कसा वेगळा ओळखायचा? गळिताच्या हंगामात येणाऱ्या ऊसतोड कुटुंबातल्या बाळाचं लसीकरण एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जाताना कुठे निसटतं? यातला एकही प्रश्न अतिदक्षता विभागात बसून सुटणारा नाही.

डॉक्टरांना वेळ कुठे आहे, हा आक्षेप मी हलका मानत नाही. दिवसाला शंभर रुग्ण पाहणाऱ्याकडून संशोधनाची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. पण पिकल्ससारखं सगळं एकट्यानं करायची आता गरज नाही. प्रश्न ठरवणं, नमुना आखणं, आकडेमोड करणं हे महाविद्यालयानं करावं. दवाखान्यानं मोजक्या नोंदी द्याव्यात आणि लेखात त्या डॉक्टरचं नाव सहलेखक म्हणून यावं. यात पदवीचा सोवळेपणाही सोडावा लागेल. खेड्यातला पहिला दवाखाना अनेकदा बी.ए.एम.एस. किंवा बी.एच.एम.एस. डॉक्टरचा असतो. कोणी काय लिहून द्यावं हा वाद कायद्याच्या पातळीवर चालू राहील, पण रुग्ण जिथे जातो तिथल्या नोंदी वगळल्या तर अभ्यास अपुरा राहील. आशाताईंची वही तर याआधीच सगळ्यात विश्वासू नोंदवही आहे.

आणि मनुष्यबळ? ते आपण दर वर्षी वाया घालवतो. एम.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध सक्तीचा आहे. त्यातले असंख्य विषय ठरतात ते वॉर्डात सोयीनं मिळतील अशा शे-दीडशे रुग्णांवरून, आणि मार्गदर्शक, परीक्षक नि ग्रंथपाल यांच्यापलीकडे ते फारसं कोणी वाचत नाही. २०२० पासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा आरोग्य व्यवस्थेत काम करण्याचा नियमही झाला आहे, आणि एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांनी गावातली काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्याकडे वर्षानुवर्षं जायचं, असा कार्यक्रमही अभ्यासक्रमात आला आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डी. वाय. पाटील महाविद्यालय या दोघांनी हे तीन धागे एकत्र बांधायचे ठरवले तर वेगळा कायदा लागत नाही. दोन तालुके निवडावेत, तिथली काही आरोग्य केंद्रं आणि खाजगी दवाखाने जोडून घ्यावेत, पाच वर्षं तीच ठेवावीत, दत्तक कुटुंबंही तिथलीच असावीत आणि प्रबंधांचे विषय तिथल्या डॉक्टरांशी बसून ठरवावेत. सुरुवात लावणीच्या दिवसांतल्या तापापासून करता येईल : राधानगरी आणि गगनबावड्यात जून ते सप्टेंबर या काळात ताप घेऊन आलेल्या प्रत्येक रुग्णाच्या पहिल्या भेटीतल्या खुणा टिपायच्या, चौथ्या आणि दहाव्या दिवशी त्याची गाठ घ्यायची, आणि लेप्टो, डेंगी, स्क्रब टायफस की साधा विषाणूजन्य ताप हे निश्चित झाल्यावर पाहायचं, की पहिल्या दिवशीची कोणती खूण उपकेंद्रातल्या परिचारिकेला खरोखर उपयोगी पडली असती.